अमेरिकेत डिग्रीला चार वर्षं अन् इंग्लंडात तीनच का?

कारण इंग्लंडातली पोरं निम्मा पाया शाळेतच घालून येतात. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीला, दोन वर्षं साधारण तीनच विषय घासायचे अन् कॉलेजात पहिल्या दिवसापासून थेट आपला विषय. अमेरिकेत बारावीनंतर जनरल एज्युकेशन असतं, म्हणजे फिजिक्सवाल्यालाही निबंध लिहायचा, इतिहासाचा पेपर द्यायचा, मग वर्ष वाढणारच ना. मी लातूरला पोरांचे बाहेरच्या ॲडमिशनचे फॉर्म भरून देतो, मार्कशीट बघितल्या की फरक लगेच कळतो. फक्त सगळ्या ब्रिटनला तीन वर्षं धरू नका, स्कॉटलंडात ऑनर्सला चारच लागतात. अन् आपल्याकडं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून दोन्ही आलंय, तीन वर्षांवर साधी डिग्री घ्या नाहीतर चौथं करून ऑनर्स.