एका ओळीच्या आधीचं

प्रिय,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वीसेक ओळी दोनदा वाचल्या. भाषा हातात आहे तुझ्या, पण बऱ्याच ठिकाणी वाटलं की वाक्य आधी सुचलंय आणि माणूस नंतर शोधलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हा एका ओळीत नेमकं सांगायचा प्रकार, म्हणजे ॲफोरिझम, मुळात वैद्यांचा गं. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरचा 'ॲफोरिझम्स' म्हणजे चारशेच्या वर छोटी सूत्रं, त्यातलं पहिलंच 'आयुष्य थोडं, विद्या अफाट', आणि लोक तिथेच थांबतात. पण पुढे आहे की संधी निसटती, अनुभव फसवा, निर्णय अवघड, आणि वैद्याने आपलं काम करून भागत नाही, रोगी, त्याचं करणारे, बाहेरची परिस्थिती, सगळ्यांची साथ लागते. म्हणजे कामाला बसणाऱ्यासाठी लिहिलंय ते! त्याच परंपरेतल्या रोग्यांच्या नोंदी मिळवून वाचच. फिलिस्कस म्हणून एकजण, तटबंदीजवळ राहणारा, पहिल्या दिवशी ताप आणि घाम, मग रोजचं टिपण, सहाव्या दिवशी दुपारी गेला, आणि श्वास कसा, तर काहीतरी आठवत असल्यासारखा, थांबून थांबून, मोठा. किती जवळ बसून बघितलं असेल त्या वैद्याने.

पुढे हाच प्रकार लिहिणाऱ्या ला रोशफुको या फ्रेंच सरदाराला १६५२ च्या लढाईत चेहऱ्यावर गोळी लागली, डोळे जाता जाता वाचले. १६६५ ला त्याचं पुस्तक आलं, त्यात 'दुसऱ्याचं दुःख सोसायची ताकद आपल्या सगळ्यांकडे असते'. आजार आता मनातला, पण नाडी बघणं तेच, आणि १६७८ पर्यंत पाच आवृत्त्यांत तो खाडाखोड करत राहिला. व्हिएन्नाचा लेखक कार्ल क्राऊस तर उलटा वैद्यांवरच आला, म्हणाला मनोविश्लेषण हा असा मानसिक आजार आहे जो स्वतःलाच त्यावरचा उपाय समजतो. झोंबतं, कारण निदानाची भाषा त्याने तशीच ठेवलीय.

मला सगळ्यात जवळचा मात्र लिश्टेनबर्ग, जर्मनीतल्या गॉटिंगेनचा फिजिक्सचा प्रोफेसर. व्यापारी दिवसभराचा माल आधी कच्च्या वहीत कसाही टिपतात, खतावणी नंतर, तशीच वही तो वर्षानुवर्षं, १७९९ ला जाईपर्यंत लिहीत होता.

तर पुढच्या महिन्यात ओळी नको, तुझी कच्ची वही पाठव. सोसायटीच्या मीटिंगवरची ती ओळ आहे ना, तिच्यात दम आहे, पण त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं, बोलताना कोणाचा आवाज बारीक झाला, आधी कोण उठून गेलं, ते सगळं मला हवंय.