अडॅप्टेशन: भाषांतर, रूपांतर की अनुकूलन?

प्रश्न असा आलाय की सर्जरीतलं हाताचं कौशल्य तपासायची एक इंग्रजी मोजपट्टी पोर्तुगीज बोलणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांसाठी 'अडॅप्ट' केली, असा मजकूर मराठीत लिहायचाय, तर भाषांतर म्हणायचं, रूपांतर की अनुकूलन, आणि 'असेसमेंट टूल'ला मूल्यमापन उपकरण म्हटलं तर चालेल का.

माझं मत आधीच सांगून टाकते, अनुकूलन लिहा, आणि उपकरण अजिबात लिहू नका.

उदाहरणाला ओसॅट्स (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड असेसमेंट ऑफ टेक्निकल स्किल) घेऊया, या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली मोजपट्टी, कॅनडातल्या टोरांटोच्या मंडळींनी तयार केली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. शिकाऊ डॉक्टर टाके घालत असतो, अनुभवी सर्जन बाजूला उभा राहून बघतो आणि सात मुद्द्यांवर १ ते ५ मार्क देतो, पण मनाला येईल तसे नाही, कारण १, ३ आणि ५ या मार्कांपुढे, काय दिसलं तर तो मार्क द्यायचा ते लिहिलेलं असतं. पहिलाच मुद्दा 'रिस्पेक्ट फॉर टिश्यू'. वारंवार गरज नसताना जोर लावला किंवा इन्स्ट्रुमेंट चुकीचं वापरून इजा केली तर १, जपून हाताळलं पण अधूनमधून नकळत इजा झाली तर ३, सगळा वेळ नीट हाताळलं आणि इजा कमीत कमी तर ५.

आता हे मराठीत आणताना 'ऊतींचा आदर' लिहिलं तर वाचणारा थबकेल, 'ऊती जपून हाताळणं' लिहिलं की लगेच कळेल, इथवर साधं भाषांतरच आहे. पण त्या 'अधूनमधून'च्या जागी कुणी 'क्वचित' लिहिलं तर? मराठी म्हणून वाक्य झकास, पण मार्क बदलला ना, कारण ज्याच्या हातून अधूनमधून इजा होते तो ३ वाला आता त्या वर्णनात बसतच नाही आणि परीक्षक त्याला २ देऊन मोकळा होतो! पोर्तुगीजमध्येही असाच खड्डा आहे, तिथे 'एव्हेंतुआलमेंते' हा शब्द कधीमधी, झालं तर, अशा अर्थाने वापरतात आणि दिसायला तो इंग्रजी 'इव्हेंच्युअली'चा जुळा भाऊ, ज्याचा अर्थ मात्र शेवटी, कालांतराने.

म्हणून या कामाची पद्धत लांबलचक असते. दोन जण वेगवेगळं भाषांतर करतात, त्यातला एक विषय जाणणारा आणि एक मुद्दाम विषय न जाणणारा, मग दोन्हीचा मेळ घालून एक मसुदा होतो, मग मूळ मजकूर न पाहिलेले लोक तो उलट इंग्रजीत नेतात, मग जाणकारांची समिती बसते, आणि शेवटी साधारण ३०-४० जणांवर वापरून बघतात की वाचणाऱ्याला तेच कळतंय का. त्याच्याही पुढे दोन परीक्षकांचे मार्क जुळतात का, नवख्याला कमी आणि मुरलेल्याला जास्त मिळतात का, हे तपासायचं राहतंच. भाषांतर ही यातली एक पायरी, सगळ्या कामाला ते नाव पुरत नाही.

रूपांतर का नको, तर तो आपल्याकडे नाटकवाल्यांच्या तोंडचा शब्द झालाय. रूपांतर म्हटलं की परदेशी गावाचं पुणं होतं, पात्रांची नावं, नाती, प्रसंगसुद्धा बदलतात आणि लेखकाला ती मुभा आहे. इथे ती मुभा नाही, टोरांटोचा ३ आणि ब्राझीलमधल्या साओ पावलोचा ३ एकच राहिला पाहिजे. अनुकूलन आपण शाळेत शिकलोय, उंट वाळवंटाशी जुळवून घेतो पण उंटच राहतो, नेमका तोच अर्थ हवाय.

मला यातला सगळ्यात भारी मुद्दा वाटतो तो 'यूज ऑफ असिस्टंट्स', म्हणजे ऑपरेशनला मदतीला उभ्या असलेल्यांचा योग्य वापर केला का. पोर्तुगीजमध्ये 'असिस्तेंते' हा शब्द आयता आहे, उचलला की झालं असं वाटतं, पण पोर्तुगालच्या सरकारी हॉस्पिटलात असिस्तेंते हे स्पेशालिस्ट डॉक्टरचं पद आहे, म्हणजे शिकाऊ पोरगा साहेबांना कामाला लावतो की काय असा अर्थ निघायचा. मदतनीस सर्जनला पोर्तुगालमध्ये म्हणतात 'अजुदांते' आणि ब्राझीलमध्ये 'आउसिलियार', म्हणजे भाषा एक असूनही एकच पोर्तुगीज प्रत दोन्हीकडे जशीच्या तशी चालत नाही. खुद्द 'ट्रेनी'चंही तेच, पोर्तुगालमध्ये 'इंतेर्नो' म्हणजे पदवी घेऊन पुढचं शिकणारा डॉक्टर, ब्राझीलमध्ये इंतेर्नो म्हणजे एमबीबीएससारख्या कोर्सच्या शेवटच्या दोन वर्षांतला विद्यार्थी, आणि आपण ज्याला रेसिडेंट म्हणतो तो तिथे 'रेसिदेंते'. ऑपरेशन थिएटर एकीकडे 'ब्लोको ऑपेराटोरियो', दुसरीकडे 'सेंत्रो सिरुर्जिको'. तेव्हा मराठीत नुसतं 'पोर्तुगीज भाषेसाठी' लिहून थांबू नका, कुठल्या देशातल्या डॉक्टरांसाठी ते लिहा, मूळ मजकुरात ते असतं.

उरलं उपकरण. सर्जरीच्या लेखात उपकरण म्हणजे चिमटा, कात्री, नीडल होल्डर. या मोजपट्टीतले दोन मुद्देच इन्स्ट्रुमेंटवर आहेत, ती हाताळता येतात का आणि त्यांची माहिती आहे का, मग 'उपकरणातील उपकरण हाताळणी' असली वाक्यं व्हायला लागतात. औपचारिक लेखात 'मूल्यमापन श्रेणी' लिहा, बोलताना मोजपट्टी. 'साधन' चुकीचं नाही, पण फार ढोबळ आहे.

तर शीर्षक मी असं करेन: 'शस्त्रक्रिया-कौशल्य मूल्यमापन श्रेणीचं ब्राझीलमधल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी अनुकूलन'. शीर्षकात 'भाषांतर आणि अनुकूलन' असे दोन्ही शब्द मुळात असतील तर दोन्ही ठेवा, गाळू नका, लेखकांनी ती दोन वेगळी कामं म्हणूनच लिहिलेली असतात.