कोकणात एवढी जमीन पडीक का राहते? उपाय काय?

माझ्या मते मुख्य कारण सामाईक सातबारा. खोती, म्हणजे खोतामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची जुनी पद्धत, 1949 च्या कायद्याने गेली, 1 एप्रिल 1957 ला बहुतेक कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. पण पुढे वारसनोंदी वाढत गेल्या आणि वाटण्या मात्र तोंडीच राहिल्या. आज वीस गुंठ्यांवर तीस-चाळीस नावं दिसतात, त्यातली अर्धी मुंबईत. काजू-आंब्याच्या लागवडीला अनुदान हवं तर सगळ्यांचं संमतीपत्र लागतं. ते जमत नाही, रान माजतं, आणि गावात राहून राबणारा हात चोळत बसतो. जमिनीच्या दलालांना नेमकं हेच सोयीचं, कारण एकेकाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात गाठता येतो. याची मला फार चीड येते.

गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच एकत्र बसा. सहमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिश्श्यांची मोजणी करून घ्या. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. आणि बहिणींना हक्कसोडपत्रासाठी भरीस घालू नका; हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क भावांइतकाच आहे.