गराडूवाल्याचा चेहरा काळा का येतो?

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहतो. थंडीत रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन कृष्णधवल फोटो काढतो. कॅमेरा डिजिटल, लेन्स 50 मिमी, एफ 1.8 (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं). बल्ब पांढरेफटक येतात आणि माणसं काळीठिक्कर. फोटोत दाणे (खरखरीत ठिपके) नकोत म्हणून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400 च्या वर नेत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. चौकटीत एक उघडा बल्ब आला की मीटरला वाटतं उजेड रग्गड आहे, आणि तो सगळंच दाबून टाकतो. स्पॉट मीटरवर या (तो एका छोट्या जागेचाच उजेड मोजतो), गाडीवाल्याच्या बल्बाकडच्या गालावर माप घ्या आणि मॅन्युअलवर तेच कायम ठेवा. बल्ब पांढरा राहील, मागची सोन्याच्या दुकानांची बंद शटरं काळ्यात बुडतील. बुडू द्या. रात्र आहे ती, रात्रच दिसायला हवी.

400 चा हट्ट मात्र सोडाच. अंधारा फोटो घरी येऊन संगणकावर उजळवला तर दाणे काही कमी होत नाहीत. सराफ्यात मी आयएसओ 1600, एफ 2 आणि शटर 1/50 सेकंदापासून सुरुवात करतो. 1/50 अशासाठी, की आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटरचा वेग फार वाढवला तर फोटोवर आडवे पट्टे येतात.

1/50 ला हलता हात फिसकटणार, म्हणून थांबण्याची जागा हेरायची. गराडूवाल्यापाशी (गराडू म्हणजे तळलेला कंद) दहा मिनिटं नुसते उभे राहा. कढईत झारा सारखा फिरत असतो, पण तळलेले तुकडे वर उचलले की तेल निथळेपर्यंत हात अगदी स्थिर होतो. वाफ चेहऱ्याच्या बाजूने वर जाते, बल्ब तिला मागून उजळतो. बटण तेव्हा दाबायचं. पुढे जिरावण मसाला भुरभुरताना बोटं पुन्हा पळायला लागतात.

फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या. कृष्णधवल करताना लाल आणि हिरव्या चॅनलवर (फोटोतल्या त्या रंगांच्या थरांवर) भर द्या. पिवळ्या बल्बाच्या उजेडात निळा अंश फार थोडा असतो, आणि सगळ्यात जास्त दाणे त्या निळ्यातच असतात. एवढ्या एका गोष्टीने तुमची निम्मी तक्रार मिटेल.

प्रश्न : फिल्मवर हेच जमेल का? 400 चा रोल 1600 ला चालवता येतो म्हणतात.

उत्तर : येतो, आणि मला तो फार आवडतो. एचपी5 किंवा ट्राय-एक्स हा 400 चा कृष्णधवल रोल घ्या, मीटर 1600 ला लावा, पूर्ण रोल तसाच काढा आणि धुवायला देताना ‘दोन स्टॉप पुश’ असं डबीवर ठळक लिहा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; पुश म्हणजे डेव्हलपिंग वाढवणं). फक्त डेव्हलपिंग वाढवल्याने उजळ भाग चढतात; सावलीत जे फिल्मवर पडलंच नाही ते परत येत नाही. म्हणून गालावरचं माप इथे जास्तच जपायचं. पिवळा फिल्टर घरी ठेवा, तो एक स्टॉप उजेड खातो.