काकूंची शुगर फॉर्मवर लिहायची का?

निवृत्ती जवळ आली की माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात ती बहुतेक पीएफचं नाहीतर मुलांचं बोलायला. एप्रिलमध्ये आलेल्या काकांच्या हातात मात्र विम्याचं पत्रक होतं. कुपवाडच्या एमआयडीसीत ३० वर्षं नोकरी, वय ५८. सोबत काकू, गप्प.

"मॅडम, कंपनीचा ३ लाखांचा विमा ३१ मेला बंद होतोय. या वयात नवीन कोण देणार? हा सुपर टॉप-अप १० लाखांचा आहे, हप्ताही कमी. घेऊन टाकू?"

हीच धास्ती घेऊन बरेच जण येतात. पत्रकात बारीक अक्षरात 'डिडक्टिबल ५ लाख' असं होतं. म्हणजे वर्षभरातल्या दवाखान्याच्या बिलांपैकी पहिले ५ लाख दुसऱ्या कुठून तरी भागवायचे, त्यापुढचं ही पॉलिसी बघणार. काकांना वाटत होतं, पहिल्या रुपयापासून पैसे मिळतात. मोतीबिंदू, डेंग्यू, हर्निया यांची बिलं सहसा ५ लाखांच्या आतच राहतात. तेव्हा हप्ता भरूनही सगळा खर्च खिशातूनच गेला असता. सुपर टॉप-अप चांगलाच, पण खाली मूळ पॉलिसी असेल तर.

नुसता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक मी त्यांना कागदावर दाखवला. समजा डिडक्टिबल ३ लाख आहे आणि एका वर्षात दीड, एक आणि दोन लाखांची तीन बिलं झाली. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो. एकही ३ लाखांच्या वर नाही, म्हणून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अप तिन्हींची बेरीज धरतो, साडेचार लाख, आणि वरचे दीड लाख देतो.

मग मूळ पॉलिसी आणायची कुठून? नोकरी सोडताना ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमात आहे. द्यायची की नाही, ते विमा कंपनी तब्येत बघून ठरवते. पण घेतलं, तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं जुन्या रकमेपुरती प्रतीक्षा काळात, म्हणजे आधीचे आजार विम्यात येईपर्यंत थांबायच्या मुदतीत, धरली जातात. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ३१ मेच्या आधीच एचआरकडे अर्ज द्या, असं मी बजावलं. वयाची भीतीही काढली. २०२४ पासून विमा कंपन्यांना सगळ्या वयाच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवाव्या लागतात.

तेवढ्यात काका आवाज खाली आणून म्हणाले, "हिला आठ वर्षं शुगर आहे. एजंट म्हणतो, लिहू नका, हप्ता वाढेल."

मला वाईट वाटलं, कारण हा सल्ला पुढे घरं बुडवतो. आजार लिहिला तर त्यासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, मग तो विम्यात येतो. लपवला आणि ऐन ॲडमिशनच्या वेळी जुन्या फाइलमध्ये सापडला, तर क्लेम जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. मी काकूंकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

पहिल्यांदाच बोलल्या. "लिहा. रोज गोळी घेते मी. दवाखान्यात पडल्यावर डॉक्टरला काय सांगू, शुगर नाही म्हणून?"

काका बराच वेळ पत्रकाची घडी घालत राहिले. खरी काळजी हप्त्याची नव्हती. पुण्यातल्या मुलापुढे कधी हात पसरावा लागू नये, हे ते शेवटी बोलले. तसं बोलायला त्यांना तासभर लागला.

जाता जाता आणखी एक निघालं. ७६ वर्षांच्या आईला ते आपल्याबरोबर फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या एकाच सामायिक पॉलिसीत, घालणार होते. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. शिवाय ७० आणि त्यापुढच्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत घरटी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे, तेही जुन्या आजारांसकट. आधारवर कार्ड निघतं. मिरजेत दवाखाने भरपूर, पण आजी नेहमी जातात तो योजनेत आहे का, ते आधी विचारून या, एवढंच सांगितलं.

जूनमध्ये काकूंचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता, शुगरमुळे हप्ता थोडा चढून. वर ३ लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अपही घेतला होता. "फॉर्मवर शुगर मी माझ्या हातानं लिहिली," म्हणाल्या, "आणि गोळ्यांची नावंसुद्धा."