वाचक विचारतात : गाड्यांविना सायकल कुठे चालवावी?

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत राहते. वय ३८. साधी गिअर सायकल घेतली आहे, टायर ७०० × ३५. रोज १५-२० किलोमीटर चालवायची आहे, पण खानापूर रोडवर दोनच दिवसांत धसका घेतला. शहराजवळ गाड्या नसलेला रस्ता उरलाय का?

उत्तर : चोवीस तास मोकळा असा एकही नाही. मोकळी असते ती वेळ, आणि ती साधारण उजाडल्यापासून साडेसातपर्यंतची. जानेवारीत बेळगावात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मेअखेरीस सहाला. म्हणजे थंडीत तुमच्या हाती जेमतेम पाऊण तास लागतो. त्यानंतर शाळेच्या बसगाड्या आणि उद्यमबाग-मच्छेकडे कामावर निघालेल्या दुचाक्या सुरू होतात. खानापूर रोडवर तुम्हाला भेटली ती हीच गर्दी.

तुमच्या घरापासून मंडोळी रोड सगळ्यात सोयीचा. मंडोळी गाठून पुढे हंगरग्याच्या बाजूला जमेल तेवढं जा आणि आल्या वाटेने परत या. महिन्याभराने अंगात दम आला की गणेशपूर-बेनकनहळ्ळी-बेळगुंदी हा रस्ता धरा. तोच पुढे राकसकोप धरणाकडे जातो. पुरतं धरण गाठायचं तर एका बाजूने पंधरा-सोळा किलोमीटर होतात. रोजच्यासाठी बेळगुंदीच्या अलीकडून वळलं तरी पुरे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर. हे बरंच आहे. दमल्यावर वारा घराकडे ढकलतो.

वेंगुर्ला रोड मात्र टाळा. हिंडलगा-सुळग्यापर्यंत ठीक वाटतो, पण शहराचा कचरा तुरमुरीला जातो आणि शिनोळीला कारखाने आहेत. डंपर आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या दोन्ही त्याच रस्त्यावर.

हवा : वजन ६०-६५ किलो असेल तर मागच्या चाकात ५५ पौंड, पुढच्यात ५०. पंक्चरवाला सवयीने दगडासारखी भरून देतो. तशी सायकल खडबडीत डांबरावर उडते आणि तळहात मुंग्यांनी भरतात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, २० इंची सायकल. बाजूची छोटी चाकं काढली की पडतो. कुठे आणि कसं शिकवावं?

उत्तर : कुठे, तर कॅम्पात. रविवारी सकाळी तिथले झाडांखालचे रस्ते शांत असतात आणि वळणंही सौम्य आहेत. लष्करी हद्दीत फाटक लागलं तर वाद न घालता मागे फिरायचं, आणि ओळखपत्र खिशात ठेवायचं.

कसं, तर आठवडाभर पायडलच काढून टाका. १५ चा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या बाजूला पिळलंत तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातील. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. पायाने ढकलत, पाय उचलून तरंगत जायला सांगा. सलग दहा-बारा फूट तरंगायला लागला की पायडल परत लावा. बाजूच्या चाकांवर पोर तोल सावरायला शिकत नाही, उलट बाहेरच्या बाजूला रेलायला शिकतं. ती काढली की पडतो तो म्हणून.

ब्रेकचं एक पाहा. त्याच्या दोन बोटांना लिव्हर पोचते का? नसेल पोचत तर लिव्हरवरचा बारीक स्क्रू आत फिरवा, लिव्हर हँडलजवळ येते.

रस्त्यावर नेताना तुम्ही त्याच्या मागे आणि हातभर उजवीकडे. रेल्वे गेटवर उतरून सायकल हातात धरून पलीकडे. रूळ तिरके कापले की पुढचं चाक खोबणीत अडकतं, आणि हे मोठ्यांच्याही बाबतीत तितकंच खरं आहे.

प्रश्न : वय ५५. वडगावातून येळ्ळूरपर्यंत साध्या २८ इंची सायकलवर आरामात जातो. राजहंसगडाच्या चढावर गुडघा धरतो. मागचं फ्रीव्हील (दात्यांची चकती) बदलून फायदा होईल का?

उत्तर : थोडा. हिशोब करून पाहू. तुमच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असणार, बहुतेक साध्या सायकलींना तेच येतात. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. तीव्र चढावर वेग ताशी आठ किलोमीटरवर आला की पाय मिनिटाला फक्त चोवीस-पंचवीस फेरे मारतात. प्रत्येक फेऱ्यात अख्ख्या शरीराचं वजन एका गुडघ्यावर. दुखतो तो त्यामुळे. वयाला दोष देऊ नका.

२२ दात्यांचं फ्रीव्हील लावलं तर फेरे तीसवर जातात. सपाटीवर मात्र पाय जास्त फिरवावे लागतील : मिनिटाला ७० फेऱ्यांना आधी तेवीसचा वेग मिळायचा, आता एकोणीसच्या आत. तुमच्या येळ्ळूर फेरीला तेवढा पुष्कळ. फ्रीव्हील बदलताना चेन एक इंचाने कमी पडते. मागचं चाक खोबणीत अर्धा इंच पुढे सरकत असेल तर तेवढ्यावर भागतं, नाहीतर चेनला एक जोडी कडी वाढवा. नवं फ्रीव्हील जुन्या ताणलेल्या चेनवर चढवू नका, दात्यांवरून घसरेल.

तरीही गडाचा शेवटचा चढ गुडघ्यात जोर घेऊन मारण्यापेक्षा उतरून चालावा, असं आमचं स्पष्ट मत. चढ चढायचाच असेल तर पुढे २४, मागे २८ दाते असलेली २६ इंची गिअर सायकल लागते. त्याच आठच्या वेगाला पाय पंचाहत्तर फेरे मारतात आणि गुडघ्याला पत्ताही लागत नाही. उतरताना जास्त जपा. रॉड ब्रेकचं रबर ओल्या स्टीलच्या रिमवर जवळजवळ धरतच नाही. पावसात गडावरून सायकल हातात धरूनच खाली या. आणि २०२३ मध्ये शिवरायांचा पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी वर गाड्यांची रीघ असते, तेव्हा आडवार निवडा.

प्रश्न : भावाचा डावा पाय पोलिओने अधू आहे. त्याला तीन चाकी सायकल घेतोय. त्याने कुठे चालवावी?

उत्तर : वडगावहून धामण्याच्या बाजूला. शिवार सपाट आहे, चढ-उतार नाममात्र. भात उभं असताना तर डोळेही निवतात.

तीन चाकीत तीन गोष्टी दोन चाकीहून वेगळ्या. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. दोन चाकी त्यावर सरळ उभी राहते. तीन चाकी सगळीच डावीकडे कलते आणि हँडल सतत डावीकडे ओढतं. तासाभरात उजवा खांदा भरून येतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर कडेपासून तीन-चार फूट आत चालवावी, मागून गाडी आली की कडेला घ्यावी. त्यासाठी आरसा हवाच. दुसरं, साइडपट्टी खचलेली असेल तर मागचं डावं चाक खाली जातं आणि सायकल उलटते. मागची रुंदी अडीच फुटांच्या आसपास असते आणि चालवणाऱ्याला ती दिसत नाही, हे पहिले आठ दिवस आठवण करून द्यावं लागतं. तिसरं म्हणजे वळण : ही सायकल वळणावर झुकत नाही, त्यामुळे चालण्याच्या वेगावर यायचं आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं.

घेताना विचारा की जोर मागच्या एका चाकाला जातो की दोन्हींना. बहुतेकींत एकालाच जातो. ते चाक चिखलात गेलं की जागच्या जागी फिरतं. धामण्याकडची माती काळी आहे. पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर शेतातून वर येतात आणि डांबरावर साबणासारखा थर पसरतो. तेव्हा दोन दिवस घरीच बरं. अधू पायासाठी पायडलला टाचेचा कप आणि पट्टा लावून घ्या. पट्टा एका हाताने सुटला पाहिजे, ही अट.

प्रश्न : नोव्हेंबरात गावाबाहेर चालवताना मागचा गिअरचा पार्ट चाकात गेला, चार तारा तुटल्या. सायकल नवी होती. दोष कुणाचा?

उत्तर : बहुधा रस्त्यावर मळणीला पसरलेल्या पिकाचा. काडी चेनबरोबर मागच्या गिअरच्या दोन छोट्या चाकांत ओढली जाते, चेन अडते, तुम्ही जोर लावता, आणि अख्खा सांगाडा वर फिरून तारांत घुसतो. अशा पसाऱ्यातून गेलात की खुळखुळ आवाज येतो. तिथेच पाय थांबवा. खाली उतरा, पायडल उलटं फिरवा, काडी बोटांनी ओढून काढा. मग मागून पाहा : गिअर चाकाला समांतर लटकतोय ना? आत झुकलेला दिसला तर तो जिच्यावर टांगलेला असतो ती आडणी वाकली आहे. घरी येईपर्यंत मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर जाऊ नका.

त्याच महिन्यांत उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन ट्रेलर असले की शेवटचा हातभर इकडेतिकडे झुलतो. त्याच्या बाजूने कधी पुढे काढू नका; आणि तो तुमच्या मागून आला तर कडेला थांबून दोन्ही ट्रेलर गेल्याची खात्री करून मगच निघा.

प्रश्न : खानापूरहून हेम्माडग्याचा रस्ता सकाळी अगदी मोकळा असतो म्हणे. एकट्याने जावं का?

उत्तर : मोकळा आहे, पण तो भीमगड अभयारण्यात शिरतो आणि या जंगलात अस्वलं आहेत. एकट्याने नको. दोघं-तिघं, लख्ख उजाडल्यावर निघा, वळणावर घंटी वाजवत जा, आणि शिरोलीहून परत फिरा. मुसळधार पावसात हालात्री नदीवरचा पूल पाण्याखाली जातो. वाहतं पाणी रिमपर्यंत दिसलं तरी सायकल घालू नका. खाली डांबर शिल्लक आहे की नाही ते वरून कळत नाही.