आंबवलेल्या खाद्यावर पांढरी साय आली, आता काय करावे?

प्रश्न : परसात दहा-बारा कोंबड्या आहेत. त्यांच्यासाठी भरडा आंबवायला घातला. तिसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी साय धरली, म्हणून सगळा ओतून दिला. तो खराब झाला होता का? आणि बुरशी लागलेला मका असा आंबवून वापरता येईल का?

उत्तर : साय पातळ, सपाट, थोडी सुरकुतलेली असेल आणि वास ताकासारखा आंबट असेल, तर खाद्य चांगले होते. ती साय यीस्टची असते. ढवळून टाकली तरी चालते. बुरशी वेगळी ओळखू येते. ती पाण्याच्या वर राहिलेल्या दाण्यांवर किंवा बादलीच्या कडेला धरते, लवदार दिसते आणि हिरवी, काळी किंवा गुलाबी असते. ती दिसली, किंवा कुजका वास आला, की सगळी बादली टाकून द्यायची. वरचा थर काढून खालचे वापरू नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम 'नाही' आहे. बुरशीचे विष, विशेषतः अफ्लाटॉक्सिन, आंबवल्याने जाईल याचा भरवसा धरता येत नाही आणि ते कोंबडीच्या यकृतावर घाव घालते. आंबट वासामुळे मूळचा कुबट वास झाकला जातो, म्हणून धोका उलट वाढतो. असा मका खाद्यात अजिबात नको.

आता पुढच्या वेळेसाठी. प्लास्टिकची किंवा स्टीलची बादली घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली नको, आम्लाने जस्त खाद्यात उतरते. खाद्य निम्म्यापर्यंतच भरा, कारण ते फुगते. पाणी दोन-तीन सेंटिमीटर वर राहिले पाहिजे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरा. झाकण सैल ठेवा, वायू बाहेर पडायला हवा. दिवसातून दोनदा तळापासून ढवळा आणि दाणे वर आले तर पाणी घाला. उबदार हवेत दोन दिवसांत, थंडीत तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात, वास आंबट होतो. तेवढ्यावर थांबा. दारूसारखा उग्र वास सुटला तर ते जास्त आंबले आहे, देऊ नका. चांगल्या आंबलेल्या खाद्याचे थोडे पाणी विरजणासारखे ठेवून पुढच्या बादलीत घातले, तर काम लवकर होते.

फायदा काय, तर लॅक्टिक आम्लामुळे अपायकारक जिवाणूंची वाढ दबते आणि धान्यात अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) काही प्रमाणात मोकळा होतो. ओले खाद्य धुळीसारखे उडून वाया जात नाही, हे तर डोळ्यांना दिसते. प्रथिने मात्र यातून नव्याने तयार होत नाहीत. नुसते धान्य आंबवून अंडी वाढतील अशी आशा धरू नका. मूळ खाद्य समतोलच लागते. बाजारातले तयार खाद्य आंबवले असेल तर पाणी निथळून फेकू नका, त्यात जीवनसत्त्वे उतरलेली असतात.

अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम कोरडे खाद्य लागते. मोजताना हे कोरडेच वजन धरा. पहिला आठवडा निम्मे कोरडे, निम्मे आंबवलेले द्या. तासा-दोन तासांत संपेल एवढेच वाढा, उरलेले उचला आणि भांडे रोज धुवा. कॅल्शियमसाठी देतात तो शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कोरडाच ठेवा. आंबट खाद्यात तो घातला तर आम्ल मरते. पिल्लांना सुरुवातीला चमचाभरच द्या आणि विष्ठा पाहून वाढवा.